मदत हवी आहे: डावा दंड रात्री फार ठणकतो, कारण सापडत नाही

नमस्कार. साडेतीन महिने झाले, माझा डावा दंड दुखतोय आणि कशामुळे ते कळत नाही. वय ४९. पडले नाही, मार लागला नाही, जड काही उचललेलंही आठवत नाही. सुरुवात नेमकी कधी झाली तेही सांगता येणार नाही. एकदा झोपेत कूस बदलताना कळ आली, वाटलं हात अंगाखाली आला असेल. मग ती रोजच यायला लागली.

जागा नीट सांगते, कारण प्रत्येक जण 'खांदा का?' असं विचारतो. खांद्याच्या खाली चार बोटं, दंडाच्या बाहेरच्या अंगाला. गंमत म्हणजे तिथे दाबून बघितलं तर काहीच होत नाही. सूज नाही, लाली नाही, गाठ नाही. ठणका मात्र हाडाच्या आतून आल्यासारखा वाटतो.

दिवसा कामात असताना निभतं. काही हालचालींना तेवढा जीव जातो. बाहीत हात घालताना, गाडीत मागच्या सीटवरची पिशवी घेताना, पाठीमागचा हूक लावताना. हूक आता पुढे लावते आणि फिरवून मागे नेते. सगळ्यात वाईट म्हणजे झटक्यात झालेली हालचाल. परवा टेबलावरून पेला घरंगळला, तो धरायला हात आपोआप पुढे गेला आणि अशी कळ आली की हात पोटाशी धरून मी तशीच उभी राहिले. मिनिटभर बोलताही आलं नाही.

रात्रीचं काय सांगू! अकराला पडते, साडेबारापर्यंत ठीक असतं, मग ठणका सुरू. डाव्या कुशीवर झोपण्याचा प्रश्नच नाही. उजव्या कुशीवर वळले तर डावा हात पुढे लोंबतो आणि खांद्यातून कोणी ओढतंय असं वाटतं. उताणं झोपलं तर कोपर गादीत खाली जातं आणि दंड भरून येतो. शेवटी दोनच्या सुमाराला उठून खुर्चीत बसते, हात मांडीवरच्या उशीवर ठेवते. वीस-पंचवीस मिनिटांत उतार पडतो. गेला महिनाभर निम्मी रात्र खुर्चीतच जाते आहे. सकाळी डोकं जड, चिडचिड, कामात चुका.

आतापर्यंत काय केलं: डावा हात म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. पाच दिवस गोळ्या दिल्या, त्या चालू होत्या तोवर बरं होतं. मग हाडांच्या डॉक्टरांनी खांद्याचा आणि मानेचा एक्स-रे काढला. खांदा नॉर्मल, मानेत वयानुसार थोडी झीज. 'मानेमुळेच असणार' म्हणून मानेचे व्यायाम दिले. तीन आठवडे न चुकता केले, तसूभरही फरक नाही. हाताला मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही. कोणी सांगितलं म्हणून दंडाला चांगलं रगडून मालीश करून घेतलं, ती रात्र आजवरची सगळ्यात वाईट गेली.

आठ वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. साखर दोन वर्षांत तपासलेली नाही. बाकी काही नाही.

मला विचारायचंय की असं कोणाला झालंय का आणि शेवटी काय निघालं? दिवसा बरं असून रात्रीच का वाढतं? पुढे नेमकी कोणती तपासणी करायला सांगू? आणि उत्तर सापडेपर्यंत झोपायचं कसं? 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग मनाचंच असेल' असं घरात एकदा बोललं गेलं. वाईट हेतू नव्हता, पण त्या रात्री खुर्चीत बसून रडले.

प्रतिसाद १

ताई, आधी काळजीचं बोलून घेते. तुमचं दुखणं हाताच्या हालचालीने वाढतंय आणि टेकवून ठेवल्यावर उतरतंय, त्यामुळे ते हृदयापेक्षा सांध्याकडे बोट दाखवतंय. पण विश्रांतीत काढलेला एक नॉर्मल ईसीजी म्हणजे कायमचं प्रमाणपत्र नव्हे. जिना चढताना किंवा भरभर चालताना दंडात दुखायला लागलं आणि थांबल्यावर थांबलं, तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. छातीत दाब, घाम, धाप, मळमळ, जबड्यात दुखणं यातलं काही सोबत आलं तर सरळ रुग्णालय गाठा, सकाळ होण्याची वाट बघू नका.

प्रतिसाद २

तुमचं लिहिणं वाचताना माझीच दोन वर्षांपूर्वीची रात्र कोणी लिहून काढली असं वाटलं. तो हूक, ती झटक्याची कळ, खुर्ची, सगळं तेच. माझं निघालं फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा दुखत दुखत आखडत जाणं. तुमचंही तेच आहे असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट आत्ता करून बघा.

उभं राहा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, हात कोपरात काटकोनात दुमडा, मुठी समोर. आता कोपरं हलू न देता दोन्ही हात दाराच्या फळ्यांसारखे बाहेर उघडा. उजवा किती जातो आणि डावा किती, ते बघा. मग घरातल्या कोणाला तरी तुमचा डावा हात अगदी हळू तसाच बाहेर न्यायला सांगा, तुम्ही हात सैल सोडा. त्यांनाही तो तिथेच अडलेला लागला तर सांधा आखडलाय. त्यांना नेता येतो पण तुम्हाला स्वतःहून नेता येत नाही, तर दोष स्नायूच्या दोरीत, म्हणजे रोटेटर कफमध्ये असू शकतो. फ्रोजन शोल्डरमध्ये हीच हालचाल बहुधा सगळ्यात आधी जाते. हात वर करायला सांगितला तर आपण पाठ वाकवून, खांदा उचकून वेळ मारून नेतो, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही.

दुखतं दंडात आणि दोष खांद्यात, हे मलाही पटत नव्हतं. मला जे समजावलं ते असं: खांद्याच्या सांध्यातून आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीतून येणाऱ्या संवेदना मानेतल्या साधारण त्याच पाचव्या मज्जातंतूच्या मुळातून वर जातात. मेंदूला उगम नेमका ओळखता येत नाही आणि दुखणं दंडात जाणवतं. म्हणून तुम्ही दंड दाबता तेव्हा काही सापडत नाही, आणि म्हणूनच रगडून उपयोग झाला नाही. एक्स-रेचंही तसंच. त्यात हाडं दिसतात. या आजारात सुजतं आणि मग जाड होत जातं ते सांध्याभोवतीचं पातळ आवरण, ते एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल येणं हे या आजाराच्या विरुद्ध जात नाही, उलट तसाच अपेक्षित असतो.

घरच्यांना एक सांगा. 'फ्रोजन शोल्डर' हे नाव १९३४ मध्ये अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनने दिलं, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की या दुखण्याची व्याख्या करणं, उपचार करणं आणि कारण सांगणं, तिन्ही अवघड आहे. आयुष्यभर खांद्यांचा अभ्यास केलेला माणूस असं म्हणतो, तर तुमचं दुखणं मनाचं कसं? हे जास्त करून ४० ते ६० वयात होतं, बायकांमध्ये अधिक, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर शक्यता वाढते. तुमच्या पोस्टमधल्या थायरॉइडच्या आणि साखरेच्या ओळी वाचून मी तिथेच थांबले. साखर आधी तपासा.

आता झोप. मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे टॉवेल. उताणं झोपायचं आणि खांद्याच्या पात्याच्या कडेपासून कोपरापर्यंत, दंडाच्या खाली घडी घातलेला जाड टॉवेल सरकवायचा. कोपर खांद्याच्या पातळीला किंवा केसभर वर आलं पाहिजे. तुमचं कोपर गादीत खाली जातं म्हणताय ना, तिथेच खांदा पुढे ढकलला जातो आणि आवरण ताणलं जातं. हात पोटावर, मनगटाखाली छोटी उशी. घडी एक कमी-जास्त करून बघा. मला तीन रात्री लागल्या नेमकी उंची सापडायला, आणि सापडल्यावर ती घडी मी सुईदोऱ्याने टाचून ठेवली होती. उजव्या कुशीवर झोपायचं तर छातीशी भरदार उशी कवेत घ्या, कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात तिच्यावर विसावला पाहिजे. उशी लहान पडली की मनगट लोंबतं आणि ओढ पुन्हा सुरू. पाठीला दुसरी उशी लावा म्हणजे झोपेत डावीकडे लोळणार नाही. हेही नाही जमलं तर पाठीमागे उशा रचून अर्धवट बसत्या अवस्थेत पलंगावरच झोपा, खुर्चीपेक्षा बरं. झोपण्याआधी पंधरा मिनिटं खांद्यावर शेक घ्या, दंडावर नको.

रात्रीच का, याची मला दोन-तीन कारणं सांगितली गेली. दिवसभर हाताच्या वजनाने सांधा थोडा खाली ओढलेला असतो, आडवं झाल्यावर ते जातं आणि आत दाब वाढतो. सूज आटोक्यात ठेवणारं शरीरातलं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं. आणि रात्री लक्ष दुसरीकडे नसतं.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरची चाचणी बरोबर आहे, पण तिच्यावरून घरी निदान पक्कं करू नका. रोटेटर कफची फाटलेली दोरी, दोरीत साचलेलं कॅल्शियम, खांद्याच्या टोकाखालची सूज, हे सगळं दंडातच दुखतं आणि रात्रीच वाढतं. खांदा हाताने तपासून घ्या. रोटेटर कफची शंका असेल तर सोनोग्राफी पुरते. एमआरआय पहिल्या पावलाला लागतोच असं नाही.

मानेचं म्हणाल तर एक खूण लक्षात ठेवा. मानेतली नस दबली असेल तर हात डोक्यावर ठेवल्यावर बऱ्याच जणांना आराम पडतो आणि मान त्या बाजूला वळवली की कळ हातात उतरते. तुमच्या लिहिण्यात असं काही नाही. एक्स-रेमधली झीज तर पन्नाशीच्या आसपास न दुखणाऱ्या कितीतरी मानांमध्येही दिसते.

लवकर दाखवायलाच हवं अशा गोष्टी: ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, हात कसाही ठेवला तरी न थांबणारा ठणका, बोटांची पकड कमी होत जाणं, त्याच बाजूची पापणी खाली येणं, किंवा असह्य कळ येऊन गेल्यावर दंडाची ताकदच जाणं. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण वाचणाऱ्या प्रत्येकासाठी सांगते.

ठणका जोरात आहे तोवर हात ताणून 'सोडवायचा' प्रयत्न करू नका. आमच्याकडे येणारे कितीतरी जण कोणीतरी जबरदस्तीने ओढून दिल्यामुळे जास्त आखडलेले असतात. पुढे वाकून हात सैल लोंबता सोडा आणि अंगाच्या हेलकाव्याने लहान गोल फिरू द्या, दिवसातून तीन-चार वेळा, मिनिट-दोन मिनिटं. नंतर दुखणं थोड्या वेळात पूर्ववत झालं तर मात्रा बरोबर, त्या रात्री वाढलं तर निम्मं करा. हात झोळीत बांधून मात्र ठेवू नका.

गोळ्या मनाने वाढवू नका. पॅरासिटामॉल मोठ्या निरोगी माणसालाही दिवसभरात सगळ्या गोळ्यांची बेरीज धरून ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि ते सर्दीच्या गोळ्यांमध्येही असतं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर यातलं काही असेल तर विचारल्याशिवाय नकोतच.

मूळ धागालेखिका, बारा दिवसांनी

उशीर झाला, पण सगळं करून बघूनच लिहायचं होतं.

दाराच्या फळ्यांची चाचणी त्याच संध्याकाळी केली. उजवा हात सहज बाहेर गेला, डावा समोरून जेमतेम तळहातभर सरकला. नवऱ्याने माझा हात धरून हळूच न्यायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, "अगं, हा तर अडलाय." एवढंच म्हणाला आणि बराच वेळ हात सोडला नाही. 'मनाचं' हा शब्द त्यानंतर घरात निघालेला नाही.

टॉवेलची उंची मला दुसऱ्या रात्री सापडली. चार घड्या, वर एक पातळ. पहिल्यांदा सव्वाचारपर्यंत सलग झोप लागली. जाग आली तेव्हा हात बधिर झालाय की काय म्हणून घाबरून हलवून बघितला, तर फक्त दुखत नव्हता. सगळ्या रात्री तशा जात नाहीत, पण बारा दिवसांत खुर्चीत तीनदाच बसले.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही हात सगळ्या दिशांना फिरवून मोजले, सोनोग्राफीत रोटेटर कफ शाबूत दिसला. फ्रोजन शोल्डर, पहिला म्हणजे दुखण्याचा टप्पा. मग आखडण्याचा, मग सुटण्याचा, सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात म्हणाले. ऐकून धसका बसला, पण नाव मिळाल्याचा आधारही वाटला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हे दंडामुळे कळलं, नाहीतर मी अजून दोन वर्षं तपासलं नसतं.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय. या टप्प्यात रात्रीचं दुखणं त्याने चांगलं उतरतं, साखर काही दिवस वाढू शकते म्हणून घरी मोजायला सांगितलीय. येत्या गुरुवारी आहे. ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा, पहिल्या दोन-तीन रात्री कशा गेल्या आणि व्यायाम किती दिवसांनी वाढवला?