लक्ष्मणफळाची फुलगळ, पिवळा पडलेला जाबुटिकाबा आणि करपणारा अवोकाडो: सल्ला हवा

प्रश्न

परसबागेत तीन वेगळी फळझाडं लावली आहेत आणि तिन्हींची काळजी वाटते. लक्ष्मणफळाला फुलं भरपूर येतात, पण गळून जातात. एखादं फळ धरलंच तर वेडंवाकडं, एका बाजूने दबलेलं. जाबुटिकाबा मोठ्या कुंडीत आहे. त्याची नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अवोकाडो कोयीपासून वाढवलेला, जमिनीत आहे. त्याच्या जुन्या पानांची टोकं करपतात. पाणी बोअरचं, वाळलं की भांड्यावर पांढरे डाग राहतात. शेणखत वेळच्या वेळी देतो. आता कोणतं खत वाढवू?

प्रतिसाद १

खत सध्या वाढवू नका. पांढऱ्या डागांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझा पहिला संशय पाण्यावरच आहे.

जाबुटिकाबाला आम्लधर्मी माती लागते. जड (चुन्याचे क्षार जास्त असलेल्या) पाण्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) वर चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोह कमी पडल्याची खूण. (नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती.) सामू मोजून घ्या. तो ७ च्या वर असेल तर ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) फारसं लागू पडत नाही, ईडीडीएचए प्रकारचं घ्या. जमेल तितकं पावसाचं पाणी साठवून द्या. गंधकानेही सामू उतरतो, पण ते काम मातीतले जिवाणू करतात, त्यामुळे वेळ लागतो.

अवोकाडोची टोकं बहुधा क्षारांमुळे करपत आहेत, क्लोराइड त्याला अजिबात सोसत नाही. रोज थोडं थोडं पाणी दिलं की क्षार वरच्या थरात साचतात. अधूनमधून भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली धुऊन काढा. मात्र निचरा उत्तम असेल तरच.

प्रतिसाद २

निचऱ्याचा मुद्दा मी आणखी जोर देऊन सांगेन. अवोकाडोची अन्न घेणारी मुळं वरवर असतात आणि पाणी साचलं की फायटोफ्थोरा बुरशीने कुजतात. पाणी सोडण्याआधी आच्छादन बाजूला सारून माती हलकेच उकरा. बारीक मुळं पांढरट असतील तर ठीक. काळी पडून सहज तुटत असतील आणि माती ओली असतानाही पानं मलूल दिसत असतील, तर पाणी आवरा आणि झाड उंचवट्यावर घ्यायचा विचार करा. आच्छादन जाड ठेवा, खोडाला मात्र टेकू देऊ नका.

प्रतिसाद ३

लक्ष्मणफळाला खताची नाही, तुमच्या हाताची गरज आहे! हे सीताफळाच्या कुळातलं झाड. फुलाचा स्त्रीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे त्याच फुलात फळ धरणं अवघड. हे काम छोटे भुंगेरे करतात, ते नसले की फुलगळ होते. पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग डबीत झाडून घ्या आणि मऊ कुंचल्याने, नुकत्या सैल झालेल्या पाकळ्यांच्या फुलात मधल्या उंचवट्यावर चहूबाजूंनी लावा. फळ वाकडं होतं तेही याचमुळे: ज्या बाजूला पराग पोचले नाहीत, ती बाजू भरत नाही. मला हे काम मनापासून आवडतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. मुळं उकरून पाहिली, पांढरी आहेत, निचराही चांगला आहे. कुंडीतल्या मातीचा सामू ७.८ आला. अवोकाडोबद्दल एक विचारायचं राहिलं: तो एकटाच आहे, फळ धरेल का?

प्रतिसाद १

७.८ म्हणजे लोह ईडीडीएचएच घ्या. एकट्या अवोकाडोलाही थोडी फळं धरतात. फुलण्याच्या वेळेवरून अवोकाडोच्या जातींचे दोन गट पडतात: ‘अ’ गटाचं फूल पहिल्या दिवशी सकाळी स्त्री असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर, ‘ब’ गटाचं दुपारी स्त्री आणि दुसऱ्या सकाळी नर. हास ही जात ‘अ’ गटातली, फुएर्ते ही ‘ब’ गटातली. तुमचं कोयीचं झाड कोणत्या गटात आहे ते फुलल्यावर सकाळ-दुपार पाहिलं की कळेल. मग दुसऱ्या गटाचं कलम शेजारी लावा. जागा नसेल तर याच झाडाच्या एका फांदीवर त्या जातीचं कलम बांधा.