गाईच्या गोचीडतापाचा माणसाला धोका आहे का?

पशुपालक, खटाव
आमच्या संकरित गाईला थायलेरिया (गोचीडताप) झाल्याचे रक्ततपासणीत दिसले असून उपचार सुरू आहेत. मुले गोठ्यात वावरतात आणि वडिलांची प्लीहा (रक्त गाळून जंतूंशी लढणारा पोटातील अवयव) अपघातानंतर काढलेली आहे. हा आजार माणसाला होतो का?

पशुवैद्यक, कराड
थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी गाईम्हशींचा असून माणसाला त्याची लागण होत नाही. त्याच्याशी जवळचे नाते असलेल्या बबेसियाच्या काही जाती मात्र माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत वाढतात. युरोपात बबेसिया डायव्हर्जन्स गुरांकडून, तर अमेरिकेत बबेसिया मायक्रोटी उंदरांकडून येतो आणि दोन्हींचा प्रसार आयक्सोडिस गोचीड करतात. आपल्याकडे थायलेरिया पसरवणारे गोचीड हायलोमा या वेगळ्या गटातले आहेत. तरीही वडिलांबद्दलची आपली काळजी मला रास्त वाटते, कारण १९५७ साली युगोस्लाव्हियात नोंदल्या गेलेल्या बबेसियाच्या पहिल्या मानवी रुग्णाचीही प्लीहा काढलेली होती.

डॉक्टर, मिरज
प्लीहा नसलेल्या व्यक्तीला कोणत्याही कारणाने ताप आला, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि प्लीहा काढल्याचे व गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया मलेरियासारखा दिसू शकतो, म्हणून ही माहिती मोलाची ठरते.

दूध उत्पादक, फलटण
गोचीड बोटांनी चिरडू नयेत आणि अंगाला चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल ओतू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावे. मादी अंडी गोठ्याच्या भेगांत घालते, त्यामुळे केवळ जनावरावर औषध फवारून भागत नाही, भिंतींच्या फटीही बुजवाव्या लागतात.