अनुभव धागा : शाळकरी मुलांचे खाणे आणि वजन

पहिली ते दहावीतील मुलांचे पालक, आजी-आजोबा आणि शिक्षक यांनी आपापले अनुभव इथे लिहावेत, अशी विनंती आहे. मात्र मुलांची व शाळांची नावे देऊ नयेत. अंगाने बारीक असलेल्या मुलांविषयीही जरूर लिहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात तिथली नवजात बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांहून बरीच हलकी भरली, पण त्वचेखालची चरबी त्यांच्यात त्या मानाने टिकून होती. तेव्हा ‘आमचा तर काडीपैलवान आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही.

एक आई, सिंहगड रस्ता

माझ्या सहावीतल्या मुलीच्या मानेवर मागच्या बाजूने काळपट, हाताला मखमलीसारखा जाडसर लागणारा पट्टा दिसू लागला होता आणि सासूबाई दर रविवारी साय व डाळीचे पीठ लावून तो घासत असत. बालरोगतज्ज्ञांनी मान पाहताच सांगितले, की हा मळ नव्हे. वाढलेल्या वजनाबरोबर शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की अशी खूण उमटते. मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, निकष मुलांना जसाच्या तसा लावायचा नसतो, म्हणून त्यांनी भारतीय बालरोग संघटनेचा २०१५ चा मुलींचा तक्ता काढून वयानुसार तिचे टिंब कुठे पडते ते दाखवले. उपाशी ठेवायचे नाही, वाढत्या वयात वजन आहे तिथे धरून ठेवले तरी उंची आपले काम करते, असे त्यांचे म्हणणे होते. खरी कसोटी घरातच लागली. तिच्या एकटीच्या ताटात भाकरी-मटकी आणि आमच्या ताटांत छोले-भटुरे असे झाले असते, तर ती शिक्षाच ठरली असती, म्हणून शीतपेये आणि दुधातली चॉकलेटी पावडर सगळ्यांचीच बंद झाली. सासऱ्यांची चहाबरोबरची खारी मात्र अजून वाटाघाटीत अडकली आहे!

एक शिक्षिका, हडपसर

वरच्या ताईंचा अनुभव वाचला. आमच्या वर्गात चित्र दुहेरी आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे; पण कित्येक मुले सकाळी नुसता चहा पिऊन येतात आणि वाटेत पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी फोडतात, त्यामुळे खिचडीच्या वेळी भूक मेलेली असते. साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आमच्या फाटकासमोरच्या टपरीपर्यंत तो अद्याप पोहोचलेला नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोथरूड

मी आठवीत असताना लग्नाच्या पंगतीत माझ्या पानात दुसरी जिलबी पडली, की कोणीतरी काकू हमखास ‘अगं, पुरे आता’ म्हणत असत. शेजारी बसलेल्या, चार जिलब्या खाणाऱ्या भावाला कोणी काही बोलत नसे. पुढे मी चारचौघांत जेवणे कमी केले आणि घरी सगळे झोपल्यावर डब्यांतली चकली-बाकरवडी खाऊ लागले. वजन त्यातच अधिक वाढले. ते आटोक्यात आले ते बॅडमिंटनमुळे, आणि आईने वजनकाटा हॉलमधून उचलून माळ्यावर टाकल्यामुळे.

एक वडील, वाकड

आमचा तिसरीतला मुलगा बारीक आहे आणि मोबाइल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नसे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, या शासनाच्या २०२४ मधील निर्णयानंतर त्याची शाळा उशिरा भरू लागली आणि सकाळी टेबलाशी बसून पोहे किंवा धिरडे खाण्याइतका निवांतपणा मिळाला. किती वाढायचे ते आम्ही त्याच्यावर सोपवले आहे. पानात टाकायचे नाही, एवढीच अट. अडचण संध्याकाळची आहे. शाळेतून येऊन लगेच शिकवणीला जाताना तो हातात धरून खाऊ शकेल, पण बेकरीतले नसेल, असे तुम्ही मुलांना काय देता?