मदत हवी आहे: अँब्युलन्स येईपर्यंतची पंचवीस मिनिटं

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

माझं शिवणकामाचं दुकान एका उताराच्या वळणावर आहे. वर्षातून चार-पाच अपघात डोळ्यांदेखत होतात. चार महिन्यांपूर्वी संध्याकाळी एक मोटरसायकल घसरून कठड्यावर आदळली. मुलगा विशी-बाविशीचा. मी धावत पोहोचले तेव्हा गाडीचा इंडिकेटर अजून टिकटिकत होता आणि त्याच्या मांडीतून रक्त उसळून उसळून येत होतं.

पाच मिनिटांत वीसेक माणसं जमली. त्या सगळ्यांना मदतच करायची होती, हे मुद्दाम सांगते. 'लोक नुसते बघत उभे राहतात' हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. काय करायचं हेच ठाऊक नसलं की माणूस बघत उभा राहतो. एकाने त्याच्या तोंडात पाणी ओतलं, दुसऱ्याने हेल्मेट ओढायला घेतलं. मी त्याचा हात हातात घेऊन "काही होणार नाही बाळा" म्हणत बसले. अँब्युलन्सच्या फोनवरच्या बाईंनी नेमकं ठिकाण विचारलं, तर आम्ही तिघांनी तीन नावं सांगितली. अँब्युलन्स आधी पुढच्या वळणावर गेली आणि मग मागे फिरली. पंचवीस मिनिटं गेली.

मधेच एक ट्रकचालक दादा उतरले. अंगातला शर्ट काढला, त्याची जाड घडी केली, गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हातांवर सगळं वजन टाकून ती घडी जखमेवर दाबून धरली. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. मुलगा वाचला. पाय मात्र गुडघ्याच्या वर कापावा लागला. दाबून धरलं नसतं तर तो इथवर पोचलाच नसता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. माझ्या दुकानात, दहा पावलांवर, कापडाचे गठ्ठे पडलेले होते. मला सुचलंच नाही.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली, आणि ५ ते २९ वर्षं वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. 'गोल्डन अवर', म्हणजे जखमीला वाचवण्यासाठी मोलाचा पहिला तास, हा शब्द बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी रुजवला, हेही कळलं. पण मांडीची मोठी धमनी फुटली असेल तर तास कुठला, काही मिनिटांत खेळ आटोपतो. तेवढ्यात कुठलीही अँब्युलन्स पोचत नाही. तिथे असतात ते माझ्यासारखे लोक: दुकानदार, रिक्षावाले, शाळेतून परतणारी मोठी मुलं.

उत्तर इराक आणि कंबोडियातला एक अनुभव वाचला. तिथल्या गावांतल्या लोकांना आणि आरोग्यसेवकांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी जखमींवरचे प्रथमोपचार शिकवले, आणि काही वर्षांत गंभीर जखमींमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास आलं. बहुतेक जखमा सुरुंगाच्या होत्या हे खरं, पण रक्त जायचं ते तसंच जातं. म्हणून वळणावरच्या आम्हा दहा-बाराजणांचा गट करायचा आहे.

तुमच्यात कोणी डॉक्टर, परिचारिका, अँब्युलन्सवर काम करणारे असाल तर सांगा: दोन-तीन तासांत शिकवायचं झालं तर आधी काय शिकवावं? आणि काय करू नका म्हणून बजावावं? पेटीत काय ठेवावं? शिकलेलं सहा महिन्यांनी विसरलं तर?

आणखी एक. तो मुलगा घरी आला आहे. मी जाते अधूनमधून. त्याची आई (मी त्यांना काकू म्हणते) मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नसलेला पाय दुखतोय म्हणतो गं, रात्ररात्र झोपत नाही. त्याच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना?" मला उत्तर देता आलं नाही. वाचवलं, आणि पुढे त्याला एकटं सोडलं, असं वाटतं.

---

प्रतिसाद: अपघात विभागातली परिचारिका

ताई, आधी एक ऐका. तुम्ही हात धरून बसलात ते वाया गेलेलं नाही. शुद्धीवरच्या जखमीशी कोणीतरी शांतपणे बोलत राहणं हेही काम आहे, फक्त ते एकाने करावं आणि दुसऱ्याने जखम दाबावी.

दोन-तीन तासच असतील तर निम्मा वेळ रक्तस्रावाला द्या. बाकी गोष्टी बघून समजतात, दाबणं मात्र हाताला कळावं लागतं. बहुतेक लोक फार हळू दाबतात, जखमीला दुखेल म्हणून. दुखणारच. तुमचे ट्रकवाले दादा बसले तसंच बसायचं, कोपरं सरळ, अंगाचा भार वरून. थांबलं का हे बघायला कापड उचलायचं नाही. भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा आणि आणखी जोर द्या. हातापायातलं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्त अडवायला आवळून बांधायचा पट्टा: जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचा, वेळ लिहून ठेवायची आणि नंतर सैल करायचा नाही. दोरी किंवा वायर कधीच नको, ती मांसात रुतते. तयार टूर्निके मिळाला तर दोन घ्या आणि एक फक्त सरावासाठी ठेवा. काच, सळई काही घुसलेलं असेल तर उपसू नका, कडेने दाबा.

दुसरं, श्वास. बेशुद्ध पण श्वास चालू असलेला माणूस उताणा पडला की जीभ मागे जाते, उलटी-रक्त घशात उतरतं. डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघातिघांनी त्याला कुशीवर वळवायचं. पाणी अजिबात नको: ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ऑपरेशन करायचं तर पोट रिकामं हवं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट राहू द्या. काढावंच लागलं तर दोघांनी, एकाने मान आणि जबडा खालून धरून. हातापायांना धरून उचलून गाडीत कोंबणं तर आम्हाला रोज दिसतं, ते थांबवा. गाडीला आग वगैरे लागली असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: पांघरूण घाला, उन्हाळ्यातसुद्धा. रक्त गेलेलं अंग गार पडतं आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही. तुमच्याकडे कापड आहेच.

आणि जखमीला सोपवताना अपघाताची वेळ सांगा. रक्तस्राव रोखायला ट्रानेक्सामिक ॲसिड देतात, ते पहिल्या तीन तासांतच उपयोगाचं. २० हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या क्रॅश-२ अभ्यासात हे स्पष्ट दिसलं आहे. औषध डॉक्टर देतील, पण घड्याळ तुमच्याकडे असतं.

विसरण्याबद्दल: विसरतातच. दर तीन महिन्यांनी अर्धा तास, त्याच वळणावर, खऱ्या जागी सराव करा.

---

प्रतिसाद: धाकट्या भावाचा अपघात झालेला एक दादा

काकूंना आधी सांगा, मुलाच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही. कापलेला अवयव दुखणं याला फँटम वेदना म्हणतात आणि ती अगदी खरी असते. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा शिल्लक असते. माझ्या भावाला गेलेल्या पायाची बोटं मुडपल्यासारखी वाटायची. त्यावर औषधं आहेत, ती वेगळी असतात, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पुरत नाहीत. नव्वदच्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची युक्ती काढली: चांगल्या अवयवाचं प्रतिबिंब गेलेल्याच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून हालचाल करायची. सगळ्यांना लागू पडत नाही, भावाला पडली. फिजिओथेरपिस्टना विचारा.

त्याच्याहून जास्त उपयोग एका गोष्टीचा झाला. कृत्रिम पाय लावून पंधरा वर्षं नोकरी करणारे एक गृहस्थ घरी आले. बसले, पँट वर केली, पाय काढून हातात दिला. भाऊ त्या दिवशी अपघातानंतर पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागला. असा माणूस शोधा. कृत्रिम अवयव बसवतात त्या केंद्रात नक्की मिळेल.

आणि ताई, तुमचं काय? इंडिकेटरचा आवाज अजून कानात आहे हे तुमच्या लिहिण्यातच दिसतं. झोप उडाली असेल तर तुम्हीही कोणाशी तरी बोला.

---

धागा लिहिणारी

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून रडू आलं, खोटं कशाला बोलू. बोलेन कोणाशी तरी.

काकूंना फँटम वेदनेबद्दल सांगितलं. त्यांनी लगेच मुलाला हाक मारून परत माझ्याकडून वदवून घेतलं, त्याच्यासमोर. तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर सांगत होतो."

दुकानातलं जाड सुती कापड कापून वीस घड्या शिवून ठेवल्या आहेत, दोन पांघरुणंही. पहिला सराव येत्या रविवारी, नऊजण नक्की आहेत. ठिकाणाचा घोळ परत होऊ नये म्हणून काल वळणावरच्या सगळ्या विजेच्या खांबांचे क्रमांक उतरवून आणले आणि दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावले. आता एकच विचारायचं राहिलं: फोनवर खांबाचा क्रमांक सांगितला तर अँब्युलन्सवाल्यांना तो कळतो का, की जवळची खूणही सांगावी लागते?

---

प्रतिसाद: अपघात विभागातली परिचारिका

खूण आणि उताराची दिशा दोन्ही सांगा, क्रमांक त्यानंतर. एकजण वळणाच्या तोंडाशी हात दाखवायला उभा करा. रविवारी त्याचाही सराव घ्या.