'सेहान्दो' हे निष्ठेचं चित्र नाही, एकटेपणाचं आहे

किम जोंग-हुई या कोरियन विद्वानाचं १८४४ चं 'सेहान्दो', म्हणजे ऐन थंडीचं चित्र, सगळीकडे 'निष्ठेचं प्रतीक' म्हणून सांगितलं जातं. मला पटत नाही. चित्र नीट बघा. एक साधं घर, त्याला गोल दार, आजूबाजूला चार झाडं. माणूस नाही. कुंचला इतका कोरडा की रेघ कागदावर खरवडत गेल्यासारखी वाटते. जेजू बेटावर हद्दपारीत चार वर्षं काढलेल्या माणसाचं मन आहे ते. निष्ठा आपण बाहेरून चिकटवतो.

प्रतिसाद १
बाहेरून कशी? चित्राला लागूनच त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. यी सांग-जोक हा त्याचा शिष्य, दुभाष्या. चीनला गेला की तिथून पुस्तकं मिळवायचा आणि हद्दपार गुरूला पाठवायचा. पडत्या काळात कोण विचारतं हो कुणाला? म्हणून किमनं कन्फ्यूशियसचं वचन घेतलं: थंडी पडल्यावरच कळतं, पाइन आणि सायप्रस सर्वांत शेवटी कोमेजतात. खालच्या कोपऱ्यातला शिक्काही वाचा, एकमेकांना विसरू नये असं त्यावर आहे. मजकूर झाकून नुसती झाडं बघणं म्हणजे अर्धंच पत्र वाचणं.

प्रतिसाद २
पण यात बर्फ कुठे आहे? एक कणही रंगवलेला नाही. जेजू दक्षिणेचं बेट, तिथे संत्री पिकतात. ही थंडी हवेतली नाहीच, वचनातली आहे. जपानी चित्रकार हिरोशिगेचं 'कांबारा' हे चित्र आठवा: गाव उबदार किनाऱ्यावरचं, चित्रात मात्र रात्रीचा दाट बर्फ. तिथे बर्फ भावनेसाठी आलाय, इथे त्याचीही गरज पडली नाही. माझं मत प्रतिसाद १ च्या बाजूने.

धागाकर्ता
बर्फाचा मुद्दा मान्य, माझ्या लक्षात आला नव्हता. पण नुसती निष्ठाच दाखवायची असती तर पाइन हिरवागार, भरदार काढला असता. हा जुना, वाकलेला, मोजक्या सुयांचा. शिष्यानं चित्र बीजिंगला नेलं, तिथे १६ विद्वानांनी त्यावर लिहिलं. चित्र आणि त्याला जोडलेले मजकूर मिळून आज ती गुंडाळी सुमारे १४.७ मीटर लांब आहे आणि त्यात चित्र जेमतेम ७० सेंटीमीटर! एवढ्या शब्दांखाली त्या माणसाचं दुःख दबून गेलं, हेच मला सलतं.

प्रतिसाद १
दुःख मी नाकारत नाही. पण तुमचा वाकलेला पाइन घराच्या उजवीकडे आहे. डावीकडची दोन झाडं सरळसोट उभी आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही अजून एक शब्दही लिहिला नाहीत.