मंडळाच्या टेबलासाठी हाताने चालणारी जुनी अजब यंत्रं सुचवा

परळकर
नमस्कार मंडळी. परळच्या आमच्या चाळीत यंदा गणपतीत ‘अजब शोध’ असं टेबल मांडायचं ठरलंय. नुसती चित्रं चिकटवायची नाहीत, पोरांनी हात लावला की काहीतरी घडलं पाहिजे. दोन टेबलांची जागा, वीज नाही, खर्च दीड हजारापर्यंत. दहा दिवस गर्दीत टिकेल असं काय ठेवावं?

यंत्रवेडी
पहिला मान वासुदेवाच्या पेल्याला द्या. पितळी पेल्यात मधोमध वासुदेव, त्याच्याकडे बाळकृष्ण. पाणी ओतत गेलं की चढतं, बाळाच्या पायाला लागलं की सगळं खाली निघून जातं. यमुनेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे वेगळं समजावावं लागत नाही. हीच युक्ती ग्रीसमध्ये पायथागोरसच्या नावावर आहे. सामोस बेटावर असे पेले आजही विकतात. आत लपलेला असतो तो साधा सायफन, म्हणजे उलटी वाकवलेली नळी: पाणी वाकणावरून एकदा पलीकडे गेलं की मागचं सगळं खेचून नेतं.

घरी करायचा तर ३०० मिलीचा कडक, पारदर्शक ग्लास घ्या. बोटाने दाबला जाणारा मऊ प्लास्टिकचा नको, त्याला सिलिकॉन धरत नाही. नळी माशांच्या टाकीतल्या हवेची, आतून ४ मिमी, बाहेरून ६ मिमी. क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानांत मिळते, सिलिकॉनही तिथेच घ्या.

ग्लासच्या तळाला मधोमध साडेपाच मिमीचं भोक पाडा. आतून चिकटपट्टी लावून ड्रिल अगदी हळू फिरवा, घाई केली की तळ तडकतो. भोक नळीपेक्षा जरा लहान असलं की नळी घट्ट बसते. नळी मिनिटभर गरम पाण्यात धरा, जाड मार्करभोवती वळवा आणि तशीच गार पाण्याखाली न्या, म्हणजे वाकण चेपत नाही. आतलं आखूड टोक तिरकं कापा आणि तळापासून ४-५ मिमी वर राहू द्या. सपाट कापून तळाला टेकवलंत तर तोंडच बंद होतं. लांब टोक भोकातून खाली ५ सेंमी लोंबू द्या. सांध्याला सिलिकॉन लावून २४ तास हात लावू नका.

बाळाचे पाय वाकणाच्या उंचीलाच आले पाहिजेत, सगळी गंमत त्यात आहे. पाय खाली राहिले तर बाळ बुडतं, वर गेले तर पाय न भिजताच पाणी उतरतं. त्यामुळे आधी नळी बसवा, पाणी ओतून पातळीची खूण करा आणि मूर्ती मग चिकटवा. खाली अर्धा किलो श्रीखंडाचा डबा ठेवा, झाकणाला नळीसाठी एक भोक आणि हवेसाठी दुसरं. हे दुसरं विसरलात तर डब्यात हवा कोंडते आणि पाणी अडतं.

जुनंपानं
ताईंच्या पेल्याशेजारी हेरॉनचं तीर्थयंत्र ठेवा. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते लिहून ठेवलंय: नाणं टाकलं की देवळातलं पवित्र पाणी ठरावीकच मिळतं. नाणं तरफेच्या टोकावरच्या ताटलीत पडतं, दुसरं टोक बूच उचलतं. ताटली कलली की नाणं घसरतं आणि बूच परत बसतं.

तरफ २५ सेंमीची, टेकू बुचाकडून ५ सेंमीवर. म्हणजे नाण्याचा जोर चौपट होतो. १० रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, तेव्हा बुचाकडे साधारण ३० ग्रॅमचा जोर मिळतो. बूच त्याहून बरंच हलकं ठेवा. रिकामी ताटली मात्र आपल्या वजनाने बूच उचलणार नाही इतकी पातळ हवी. ५ रुपयांची नाणी वापरू नका, जुनी जाड ९ ग्रॅमची आणि नंतरची ६ ग्रॅमची चलनात एकत्र फिरतात, मग माप बिघडतं.

भोक ४ मिमीच ठेवा. १० सेंमी पाण्याखाली त्यातून सेकंदाला साधारण १० मिली येतं, म्हणजे दोन-तीन पळ्या. दमट हवेत नाणं ताटलीला चिकटतं आणि टाकी रिकामी होते. रोज सकाळी ताटलीला कॅरमची पावडर चोळा.

परळकर
दोन्ही करतो. पाणी पिणारा काचेचा पक्षी कसा राहील? पोरांना फार आवडतो.

यंत्रवेडी
मुंबईत गणपतीत नको. तो चालतो ते डोक्यावरचं पाणी सुकून डोकं गार होतं म्हणून. भाद्रपदात आपल्या हवेत पाणी सुकतंच कुठे? पक्षी डुलतो आणि थांबतो. पाण्याऐवजी स्पिरिट लावलं तर चालेल, पण शेजारी निरांजन असताना ते अजिबात नको. शिवाय आतला द्रव डायक्लोरोमिथेन असतो, तो विषारी आहे. गर्दीत काच फुटली तर काय? हा डिसेंबर-जानेवारीच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवा.

सायकलवाला_दादर
परळकर, दुसऱ्या टेबलावर भास्कराचार्यांचं चाक हवंच. ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) त्यांनी वाकड्या आऱ्यांचं चाक सांगितलंय: आरे पोकळ, अर्धे पाऱ्याने भरलेले, आणि चाक म्हणे आपोआप फिरत राहील. पारा मुळीच आणू नका, रंगीत पाणी पुरतं. भंगारातून सायकलची सारखी दोन पुढची चाकं घ्या. एकावर १५ सेंमीच्या आठ नळ्या, अर्ध्या भरून, दोन्ही तोंडं बंद करून, एकाच दिशेने वाकवून बांधा. दुसऱ्यावर तशाच पण रिकाम्या. दोन्ही चाकांना सारखा झटका द्यायला सांगा. पाण्याचं चाक आधी थांबतं, कारण आतलं पाणी हिंदकळण्यात जोर खर्च होतो. आणि एका बाजूचं पाणी आसापासून लांब असलं तरी दुसऱ्या बाजूला पाणी जास्त असतं, म्हणून पारडं समतोलच राहतं. बेअरिंगला आधी ग्रीस भरा, नाहीतर दोन्ही चाकं लगेच थांबतील आणि फरक दिसणार नाही.

जुनंपानं
एखादं चित्र लावायचंच असेल तर मेरीवेदर या इंग्रज डॉक्टरचं, वादळाची आधी सूचना देणारं जळवांचं यंत्र लावा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात होतं. बारा बाटल्या, प्रत्येकीत एक जळू. हवा बिघडली की जळू वर चढते, तोंडाशी बसवलेला तुकडा ढकलते आणि घंटा वाजते. जास्त घंटा वाजल्या म्हणजे वादळ जवळ. प्रतिकृती इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या संग्रहालयात आहे.

परळकर
पेला जोडून झाला. पण पाणी वाकणावरून नुसतं ठिबकतंय, सगळं खेचून घेत नाही. नळी ४ मिमीचीच आहे, वाकण चेपलेलं नाही.

यंत्रवेडी
खालचा डबा बघा. पहिल्या खेपेचं पाणी तसंच असेल आणि नळीचं टोक त्यात बुडलं असेल, तर नळीतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. डबा प्रत्येक खेपेला ओता, किंवा लांब टोक १ सेंमी कापा. तरीही ठिबकलं तर शेवटचं पाणी भसकन ओता. थेंबथेंब ओतलं की ते नळीच्या एका कडेने उतरतं, नळी भरतच नाही. टेबलावर वाटी न ठेवता तांब्या ठेवा, पोरं आपोआप जोरात ओततील.