स्थळवाचक विभक्ती: आकडे मोजण्यात काही अर्थ आहे का?

अधिकरण: फिनिशला 15 विभक्ती, त्यातल्या 6 स्थळाच्या. हंगेरियनला तर नुसत्या स्थळाच्याच 9. लोक हे ऐकून उगाच भारावतात. हा सगळा मोजण्याच्या पद्धतीचा खेळ आहे. हंगेरियन 'हाझबॉन' म्हणजे घरात, 'हाझबोल' म्हणजे घरातून. आपणही 'घरात, घरातून, घरावर, घरावरून, घरापाशी' असं चिकटूनच बोलतो. मग 'त' तेवढा सप्तमीचा प्रत्यय आणि 'वर' बिचारा शब्दयोगी, असं का? दोन्हींच्या आधी सामान्यरूप येतं, दोन्हींना पुढे 'ऊन' लागतो.

खडूफळा: 'वर ये' म्हणता येतं. 'त ये' म्हणून दाखवा! शिवाय फिनिशमध्ये विशेषणही तोच प्रत्यय घेतं: 'इसोस्सा तालोस्सा', मोठ्या घरात. 'मोठ्यावर घरावर' म्हणतो का आपण?

अधिकरण: 'मोठ्यात घरात' तरी कुठे म्हणतो? या कसोटीने आपली सप्तमीही गेली. हंगेरियन विशेषणही कोरडंच राहतं.

खडूफळा: पण तिथे प्रत्यय नामाच्या स्वराप्रमाणे बदलतो. घराला 'बॉन', बागेला (केर्त) 'बेन'. तुमचा 'वर' कुणापुढे वाकतो?

मुक्काम_पोस्ट: आज नाही वाकत. हंगेरीतल्या तिहान्य मठाच्या 1055 सालच्या लॅटिन सनदेत मध्येच हंगेरियन शब्द येतात, त्यात 'होदू उतू रेआ' आहे, म्हणजे लष्करी रस्त्याकडे. तिथे 'रेआ' सुटा आहे, आधीच्या स्वराशी त्याला देणंघेणं नाही. आज तोच 'रॉ/रे' हा विभक्तिप्रत्यय. शब्दयोगी आणि विभक्ती यांत फरक कधीकधी फक्त वयाचा असतो.

निशाचर: मोजणीचं भांडण दागेस्तानातल्या (रशियाचा कॉकेशसकडचा प्रांत) भाषांवरून होऊन गेलंय. तिथल्या तबसरान भाषेला चाळीसच्या वर विभक्ती सांगायचे. 1998 मध्ये कॉम्री आणि पोलिन्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं की तिथे एक प्रत्यय जागा सांगतो, दुसरा दिशा. गुणाकाराने आकडा फुगतो. 'घरा-त-ऊन' तेच की. तरी 'खेळ' हा शब्द मला पटत नाही. रशियनमध्ये 'व श्कोले' म्हणजे शाळेत (असणं), 'व श्कोलू' म्हणजे शाळेत (जाणं). अव्यय एकच, भेद विभक्तीच करते. आपला 'त' दोन्हीकडे तोच.

अधिकरण: कारण ते काम आपलं क्रियापद करतं. आणि 'घरी'चं काय? 'घरी, दारी, गावी' चालतं, 'टेबली' नाही. लॅटिनमध्येही स्थळविभक्ती शहरं, छोटी बेटं आणि 'दोमी' (घरी) अशा मोजक्या शब्दांपुरतीच उरली होती. खरी जुनी विभक्ती म्हणायची तर 'ई'ला म्हणा. 'त' बसतो 'वर'च्या पंगतीत.

खडूफळा: म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकातली सप्तमीची 'त, ई, आ' ही ओळच मोडायची? त्याला मात्र माझी हरकत नाही. 'तो घरी आहे, पण घरात नाही, अंगणात आहे' हे वाक्य बिनचूक मराठी आहे. एकच विभक्ती असती तर ते बोलताच आलं नसतं.